भारी देह आणि कोवळी हाडे

गुबगुबीत मूल दिसले की 'खात्यापित्या घरचे' म्हणून त्याचे कौतुक करण्याची आपल्याकडे रीत आहे. पंगतीत त्याच्या पानावर आग्रहाने आणखी एक जिलबी वाढणारेही आपणच. अंग भरले म्हणजे हाडपेरही बळकट झाले, असा समज त्यामागे असतो. तो कितपत खरा आहे, हे आजच्या पाठात आपण पाहू.

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. ते सतत झिजते आणि पुन्हा बांधले जाते. ज्या हाडावर ताण पडतो ते त्या ताणास अनुरूप घडत जाते, हा सिद्धान्त जर्मन शल्यवैद्य यूलियुस वोल्फ यांनी १८९२ साली मांडला. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हाताहून जाड आढळते, ते याच कारणाने.

मग जड मुलाची हाडे अधिक बळकट नसावीत काय? त्यांत खनिजांश बहुधा अधिक असतो, हे खरे. परंतु जो देह त्यांनी वाहावयाचा, त्याच्या मानाने ते बळ तोकडे पडते. हाडाला खरी बळकटी येते ती मुख्यत्वे स्नायूंच्या ओढीने; नुसत्या चरबीच्या ओझ्याने नव्हे. शिवाय ड जीवनसत्त्व मेदात विरघळणारे असल्यामुळे स्थूल शरीरात ते चरबीत साठून राहते आणि रक्तात कमी पडते. पडल्यावर हातावर येणारा भार मात्र जड मुलाच्या बाबतीत अधिक असतो. अशा मुलांत कोपराखालचे हाड मोडण्याचे प्रमाण अधिक दिसते, त्यात नवल नाही.

याहून गंभीर गोष्ट खुब्याची आहे. वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची पातळ चकती असते. तेथूनच हाड लांब होते. सुमारे १० ते १६ या वयात, विशेषतः स्थूल मुलांत, मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग या चकतीपाशी सरकू शकतो. मूल लंगडू लागते; परंतु पुष्कळदा ते खुबा दुखतो असे न सांगता गुडघा दुखतो असे सांगते. घरची मंडळी गुडघ्याला तेल चोळीत बसतात आणि मोलाचे दिवस निघून जातात. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, असे मूल लंगडत असेल तर त्याला चालावयास न लावता त्वरित अस्थिवैद्याकडे न्यावे आणि खुब्याची तपासणी करून घ्यावी. वेळीच शस्त्रक्रिया करून स्क्रूने तो भाग स्थिर करता येतो. विलंब झाल्यास सांधा कायमचा बिघडू शकतो.

हे वय वाया दवडण्याचे नव्हे. उंची सर्वांत वेगाने वाढते त्या सुमाराच्या दोन वर्षांत, म्हणजे मुलींच्या साधारण बाराव्या व मुलांच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, प्रौढपणीच्या अस्थिसंचयाचा सुमारे चौथा हिस्सा जमा होतो. ही पुंजी पुढे जन्मभर पुरवावयाची असते.

तर मग उपाय कोणता? मुलाला उपाशी ठेवणे हा नव्हे. त्याने वाढत्या हाडांचेच अन्न तुटते. तळलेले व गोड पदार्थ आवरावे. दूध, ताक, डाळी आणि भाज्या पानात असाव्यात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिची भाकरी वा आंबील कोणत्याही घरास परवडण्याजोगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची चांगली हालचाल सांगितली असून, आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम असावेत असे म्हटले आहे. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, फुगडी हे आपले खेळ याच जातीचे. जड मुलाने आरंभ चालण्यापासून करावा आणि हळूहळू वाढवीत जावे.

एवढे करताना मुलाला 'जाड्या' म्हणून हिणवू मात्र नये. लाजलेले मूल अंगणात उतरत नाही, कोपऱ्यात बसते. आणि बसून राहिलेल्या देहात हाडे घडत नाहीत. पंगतीतील आग्रह थोडा कमी करून त्याच्याबरोबर आपणच अंगणात उतरावे, हे अधिक प्रेमाचे होय.