शून्य, रिकामं आणि 'माहीत नाही' : मॅट्रिक्स तयार करताना



दहावीच्या बीजगणितात क्रेमरची पद्धत शिकवताना आपण निश्चयक काढतो. दोन ओळी, दोन स्तंभ, चार आकडे. मुलांना ते जमतं, कारण चारही आकडे समोर दिलेले असतात. संगणकावर मात्र बरेचदा उलटं असतं. चौकटी आधी तयार कराव्या लागतात आणि आकडे मागाहून येतात. मग आकडे येईपर्यंत त्या चौकटींत काय असतं? आजचा पाठ एवढ्याच प्रश्नावर आहे.

पावसाळ्यात नववीच्या मुलांना पायथॉनमधली नमपाय ही लायब्ररी दाखवत होतो. उदाहरण घरचंच घेतलं, पावसाचं. सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि रोज सकाळी पट्टीने पाणी मोजायचं. एका मुलीने बारामतीचे आकडे स्वतः घेतले आणि इंदापूरचे आकडे तिचे मामा फोनवर सांगायचे. पाच दिवस, दोन गावं, म्हणजे 2 ओळी आणि 5 स्तंभांचं मॅट्रिक्स.

तिने सुरुवातीला 'झीरोज' ही आज्ञा वापरली. (कीबोर्डवर ती लहान इंग्रजी अक्षरांत लिहायची आणि कंसात आणखी एक कंस करून त्यात 2, 5 द्यायचे. आतला कंस विसरला की चूक दाखवते. कारण लायब्ररी 2 हा आकार समजते आणि 5 म्हणजे आकड्यांचा प्रकार! माझ्या वर्गात निम्मी मुलं इथेच अडतात.) दहा शून्यांचं मॅट्रिक्स तयार झालं, मग एकेक आकडा भरला. बारामती : 4.5, 0, 12.5, 0, 3. इंदापूर : 6, 0, 9, 0, 0. एकाच ओळीचं मॅट्रिक्स असतं तसा सदिश म्हणजे व्हेक्टर. 'वन्स' या आज्ञेने पाच एकांचा सदिश करून त्याने मॅट्रिक्सला गुणलं की प्रत्येक ओळीची बेरीज मिळते : 20 आणि 15. पाचने भागलं तर सरासरी 4 आणि 3 मिलिमीटर. तिने वहीत लिहिलं, इंदापुरात पाऊस कमी.

मी सहज विचारलं, "मंगळवारी मामांकडे काहीच नाही पडला का गं?"

"नाही सर, मंगळवारी आणि शुक्रवारी मामांचा फोनच लागला नाही."

"मग त्या चौकटीत तू काय लिहिलंस?"

"मी काही नाही लिहिलं. तिथं आधीच शून्य होतं."

खरं सांगायचं तर मलाही क्षणभर उत्तर सुचलं नाही. तिने काहीच चुकीचं लिहिलं नव्हतं. पण गुरुवारचं शून्य मामांनी डबा बघून सांगितलेलं होतं आणि मंगळवारचं शून्य यंत्राने आपणहून ठेवलेलं. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात.

मग पुन्हा सुरुवात केली. या वेळी 'झीरोज'ऐवजी 'फुल' ही आज्ञा घेतली. तिला आकार द्यायचा आणि प्रत्येक चौकटीत काय ठेवायचं तेही सांगायचं. आम्ही 'नॅन' ठेवलं. नॅन म्हणजे 'हा आकडाच नाही'. कळलेले आकडे भरल्यावर इंदापूरच्या दोन चौकटींत नॅन राहिलं आणि गंमत म्हणजे इंदापूरची बेरीजही नॅन आली! मुलं म्हणाली, सर बिघडलं. बिघडलं नव्हतं. दोन दिवसांचा पाऊसच माहीत नाही, तर पाच दिवसांची बेरीज माहीत असेल कशी? नॅन वगळून सरासरी काढणारी 'नॅनमीन' ही वेगळी आज्ञा आहे. तिने तीन दिवसांची सरासरी 5 दिली. संध्याकाळी फोन लागला. मामांच्या वहीत मंगळवारी 11 होते, शुक्रवार कोरडा. बेरीज 26, सरासरी 5.2. म्हणजे इंदापुरातच पाऊस जास्त.

आपल्या पट्ट्यात हे नुसतं गणित नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग. नीरा डाव्या कालव्याचं किंवा उजनीच्या फुगवट्याचं पाणी ज्यांना मिळतं त्यांचं ठीक, जिरायत शेतकरी मात्र आभाळाकडेच बघतो. महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळनिहाय आहेत. हवामान आधारित फळपीक विम्यात डाळिंब-द्राक्षाची भरपाई अशाच नोंदींवर ठरते. तिथे 'पाऊस नाही' आणि 'नोंद नाही' एकच धरलं तर काय होईल, हे पालकांना वेगळं सांगायला नको.

आणखी एक चूक फार गुपचूप होते. 'झीरोज' दशांश चालणारी शून्यं देते. पण एखाद्याने स्वतःच 0, 0, 0, 0, 0 अशी यादी देऊन सदिश केला, तर लायब्ररी समजते की इथे पूर्णांकच येणार. मग 4.5 भरलं तर 4 राहतात, 12.5 चे 12. सूचना नाही, लाल अक्षरं नाहीत. बारामतीची बेरीज 20 ऐवजी 19. एक मिलिमीटरने काय होतं, असं मुलांनी विचारलंच. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 4000 लिटर पाणी! यादीत 0 ऐवजी 0.0 लिहिलं की काम होतं.

'एम्प्टी' नावावरून रिकामी वाटते, पण ती फक्त जागा देते, झाडून देत नाही. आधीच्या कामाचे उरलेसुरले आकडे तिथे पडलेले असू शकतात. कधी नेमकी शून्यं दिसतात आणि मुलांचा विश्वास बसतो, हेच वाईट. सी प्लस प्लसमधली आयगेन लायब्ररीही नुसतं मॅट्रिक्स जाहीर केलं की अशीच न झाडलेली जागा देते. सगळ्या चौकटी लगेच भरणार असाल तरच ही वाट घ्यावी.

साध्या पायथॉनच्या यादीत एक ओळ करून तिला दोनने गुणायची युक्ती मुलं हमखास करतात. त्यात ओळ एकच असते, नावं दोन. बारामतीत 4.5 भरलं की इंदापुरातही 4.5 पडतो! वर्गात हशा पिकतो, म्हणून हे मी मुद्दाम करून दाखवतो.

त्या मुलीने आता वहीतल्या तक्त्यातही खूण ठरवली आहे. पाऊस नसेल तर 0, फोन लागला नाही तर फुली. मामांनाही तिने तसंच लिहायला सांगितलंय.