दोन जागा, एक जाळे

झाशीच्या जुन्या तटबंदीतील लक्ष्मी गेट हा दरवाजा लक्ष्मी तलावाच्या बाजूस आहे. या वेशीच्या आत एखाद्या संस्थेचे कार्यालय आणि वेशीबाहेर तिचेच ग्रंथालय आहे, अशी कल्पना करू. दोन्ही ठिकाणी संगणकांचे आपापले स्थानिक जाळे आहे. ही दोन जाळी एकच असल्यासारखी वागावीत, अशी संस्थेची इच्छा आहे. हे कसे साधते आणि त्याची किंमत काय?

स्थानिक जाळ्यात यंत्रे एकमेकांना दवंडी पिटून शोधतात. ‘अमुक पत्ता कोणाचा?’ असे एक यंत्र सर्वांना विचारते आणि ज्याचा तो असेल ते उत्तर देते. १९८२ साली निश्चित झालेल्या एआरपी या संकेताचे कार्य असेच चालते. राउटर हा वेशीवरील नाकेदार होय. नेमका पत्ता असलेले टपाल तो पुढे धाडतो. दवंडी मात्र अडवतो. म्हणून केवळ दवंडीवर विसंबणारे छपाईयंत्र पलीकडच्या संगणकास सापडत नाही.

यावर उपाय म्हणजे बोगदा. अलीकडील राउटर स्थानिक संदेश, दवंडीसह, जसाच्या तसा दुसऱ्या पाकिटात घालतो आणि इंटरनेटवरून पाठवतो. पलीकडील राउटर ते पाकीट फोडून आतील संदेश आपल्या जाळ्यात सोडतो. दोन जाळ्यांमध्ये असा सेतू तयार होतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेली व्हीएक्सलॅन ही याच प्रकारची पद्धती आहे.

परंतु पाकिटालाही वजन असते. व्हीएक्सलॅनचे वेष्टन साधारणपणे ५० बाइट्सचे असते. बाहेरील मार्ग १५०० बाइट्सच वाहत असेल, तर आतील संदेशास १४५० उरतात. ही मर्यादा यंत्रांना सांगितली नाही, तर लहान संदेश पोहोचतात आणि मोठे वाटेतच अडतात. असा दोष लवकर उमगत नाही. शिवाय वेष्टन म्हणजे कुलूप नव्हे. मजकूर गुप्त राखण्यासाठी सांकेतिक लेखनाची वेगळी व्यवस्था करावी लागते.

याहून मोठा धोका सेतूच्या स्वभावातच आहे. तो सोयीबरोबर दोषही वाहून नेतो. दोन्हीकडे पत्ते वाटणारी स्वतंत्र यंत्रे असल्यास ग्रंथालयातील संगणकास कार्यालयातील राउटरचा पत्ता मिळू शकतो. मग त्याचे इंटरनेटचे सारे टपाल विनाकारण बोगद्यातून फिरते. दोन जाळी दोन वाटांनी जोडली गेली, तर एकच दवंडी अखंड घुमत राहून दोन्ही जाळी ठप्प होतात. असे फेरे तोडण्याची रीत रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केली. तरी ती योजिली आहे ना, हे पाहणे आवश्यक असते.

भारतात १९८६ साली सुरू झालेल्या एर्नेट प्रकल्पाने मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रासारख्या संस्था परस्परांशी जोडल्या, पण प्रत्येकीचे जाळे तिचेच राहिले. इंटरनेटही याच तत्त्वावर वाढले. बहुतेक कामांना दोन निराळी जाळी आणि त्यांमधील मार्ग पुरतो. ज्या यंत्राचे दवंडीवाचून चालतच नाही, त्याच्यापुरताच सेतू बांधावा आणि बाकीची वेस शाबूत ठेवावी, हे श्रेयस्कर.