पत्राची वाट पाहणारा शिपाई

(घोटी व आसपासच्या खेड्यांतील वाचकांसाठीं अभ्यासपाठ)

लढाईवर गेलेल्या मनुष्यास अन्न, वस्त्र व दारूगोळा पुरविण्याची काळजी सरकार घेतें. परंतु त्यास आणखी एका वस्तूची गरज असते, आणि ती कोणत्याहि सरकारी कोठारांत मिळत नाहीं. ती म्हणजे पत्नीकडून आलेला दोन ओळींचा निरोप. ह्या पाठांत आपण तीन गोष्टी पाहूं: वाट पाहण्याचें दुःख कसें असतें, निरोप वाटेंत कोठें अडतो, आणि तो नीट पोंचावा म्हणून आपण काय करावें.

१. वाट पाहण्याचें दुःख

घोटीहून आगगाडीनें नाशिकरोडकडे जातांना देवळालीचें स्थानक लागतें. इंग्रजी अमदानींत तेथें गोऱ्या पलटणींची छावणी होती. नोकरीची मुदत भरलेले शिपाई स्वदेशीं नेणारें जहाज मिळेपर्यंत तेथें राहत. जहाजें ठराविक ऋतूंतच सुटत. म्हणून कित्येकांस महिनेच्या महिने रिकामे बसून काढावे लागत. त्या बसण्यानें मनें इतकीं बिघडत कीं, इंग्रजी बोलींत वेडसर मनुष्यास ‘डुलाली’ म्हणण्याचा प्रघात पडला. हें आपल्या देवळालीचेंच नांव होय. पूर्वीं त्यापुढें ‘टॅप’ असा शब्द जोडीत. तो म्हणजे आपला ‘ताप’. ज्यास कोणी जखम केली नाहीं असा धट्टाकट्टा जवानहि नुसत्या वाट पाहण्यानें खचतो, ह्याची ही आपल्या शेजारची साक्ष आहे.

आतां मराठी शिपायांकडे वळूं. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, सहावी पुणें डिव्हिजन लढत होती. तींत १०३, ११० व ११७ ह्या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. तैग्रीस नदीच्या कांठीं कूट नांवाच्या गांवीं तुर्की सैन्यानें डिसेंबर १९१५ मध्यें त्यांस वेढा घातला. वेढा जवळजवळ पांच महिने राहिला. बिनतारी यंत्रानें सेनापतीचे निरोप बाहेर जात. परंतु शिपायाच्या टपालाची नेहमींची वाट बंद झाली होती. धान्य सरत आलें, घोडे मारून खाण्याची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सैन्यानें शस्त्रें खालीं ठेविलीं. सुमारें १३,००० माणसें कैदी झालीं. त्यांपैकीं पुष्कळ हिंदी शिपायांस वाळवंटांतून पायीं चालवीत नेऊन रास-अल-ऐन येथें रेल्वेच्या बांधकामास लाविलें. उपासमार, ताप व थकवा ह्यांनीं पुष्कळांचे प्राण वाटेंतच गेले.

ज्यांच्या घरचा शिपाई ह्या वेढ्यांत होता, त्या घरांचा विचार करा. खेड्यांतील पत्नीस आपण कपाळीं कुंकू लावावें कीं पुसावें, हेंहि कळण्यास सोपा मार्ग नव्हता. आणि तिकडे कैदेंतील पतीस घरचें मूल जगलें कीं गेलें, हें कळत नव्हतें. एकाच मौनाचीं हीं दोन टोंकें होत.

२. निरोप कोठें अडतो

वेढा नसतांनाहि पत्नीचा शब्द पतीपर्यंत सहज जात नसे. १९११ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांतील शंभर स्त्रियांमागें जेमतेम एकच साक्षर आढळली, पुरुषांमागें दहा-अकरा. तेव्हां पत्र लिहविण्यास ती शाळेच्या मास्तराकडे किंवा गांवांतील एखाद्या लिहिणाराकडे जाई. शेजारीं सासरा बसलेला, दाराआड जाऊ उभी. जी पतीचें नांवहि तोंडानें घेत नाहीं, ती ‘तुमच्यावांचून घर ओकें वाटतें’ असें परक्यास कसें सांगणार? मग लिहिणारा आपल्या वळणानें ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावें, पैसे पाठवावे’ असें लिही व कागद मिटी. जात्यावर बसून जें ती मोकळ्या गळ्यानें गाते, त्यांतील एक शब्दहि पत्रांत उतरत नसे.

पुढें हें पत्र तपासणाराच्या हातीं जाई. १९१४ मध्यें हिंदी सैन्य फ्रान्सांत उतरलें, तेव्हां त्याच्या टपालासाठीं कॅप्टन हॉवेल ह्यांच्या हाताखालीं निराळी तपासणी सुरू झाली. पत्रें उघडून वाचीत व त्यांतील निवडक उतारे इंग्रजींत करून वरिष्ठांकडे पाठवीत. ते उतारे आजहि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत जपून ठेविलेले आहेत. शेवटीं पत्र पलटणींत पोंचलें, तरी निरक्षर शिपायास तें दुसऱ्याकडून वाचवून घ्यावें लागे; आणि आसपास चार सोबती कान देऊन असत.

म्हणजे पतिपत्नींच्या एका गोष्टींत लिहिणारा, घरचे वडील, तपासणारा आणि वाचणारा इतके लोक बसलेले. ह्यामुळें पत्र कोरडें आलें तर शिपायानें पत्नीचें मन कोरडें झालें असें समजूं नये. तिचें मन भरलेलें होतें. वाट अरुंद होती.

३. आपण काय करावें

एकमेकांचे वैरी असलेल्या राष्ट्रांनींहि ह्या गरजेस मान दिला आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणें कैद झालेल्या शिपायास, छावणींत आल्यापासून एका आठवड्याच्या आंत, आपल्या घरीं कार्ड पाठविण्याची मुभा द्यावी लागते. पुढें त्याच्या पत्रांवर मर्यादा घालणें भाग पडलें, तरी साधारणपणें महिन्यास दोन पत्रें व चार कार्डें ह्यांहून कमी देतां येत नाहींत. कैद्याच्या टपालास हंशीलहि पडत नाहीं. जें शत्रूनें अडवूं नये असें ठरलें, तें आपल्या आळसानें कां अडावें?

आज मोबाईल फोनमुळें पुष्कळ सोय झाली आहे. तरी उंच बर्फाळ ठाण्यांवर किंवा समुद्राखालीं पाणबुडींत असलेल्या जवानास हवें तेव्हां बोलतां येत नाहीं. शिवाय फोनवरचा शब्द ऐकला कीं सरतो. पत्र खिशांत राहतें व रात्रीं पुन्हां वाचतां येतें. म्हणून उपदेशक व शिक्षक बंधूंनो, कोणा बाईसाठीं पत्र लिहावयाचें झाल्यास पुढील गोष्टी ध्यानांत धरा.

(अ) तिला एकांतांत, निवांतपणें बोलूं द्या. तिचेच शब्द लिहा. आपला उपदेश त्यांत घालूं नका.

(आ) लहानसहान गोष्टी गाळूं नका. आवणी झाली, खाचरांत पाणी टिकलें, गाय व्याली, धाकट्यास दांत आला, हें शिपायास फार गोड लागतें. कारण त्या ओळींतून तो घरीं फिरून येतो.

(इ) आजार, कर्ज किंवा भांडण असल्यास खोटें लिहूं नका. पण अर्धवटहि सोडूं नका. ‘मुलगा आजारी आहे’ एवढेंच लिहून पत्र संपविल्यास दूरचा बाप पुढील पत्रापर्यंत रोज मरतो. औषध काय चाललें, कोण सोबतीस आहे, हेंहि लिहा.

(ई) पत्रावर तारीख व अनुक्रमांक घाला. युद्धांत मागचें पत्र पुढें व पुढचें मागें असें होतें. पत्त्यांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव, पलटण आणि ५६ किंवा ९९ ए.पी.ओ. जें असेल तें स्पष्ट लिहा. ठाण्याचें नांव घालूं नका.

(उ) लिहिलें तें तिला वाचून दाखवा, आणि मग तें विसरून जा. दुसऱ्याचें पत्र पोटांत ठेवणें ही मोठी ठेव आहे.

ह्या सर्वांहून मोठें काम एकच: तिला स्वतः लिहावयास शिकवा. वांकड्यातिकड्या अक्षरांत तिनें स्वतः लिहिलेली एक ओळ आपल्या सुबक चार पानांहून अधिक बोलते, कारण त्या ओळींत मध्यें कोणीच बसलेला नसतो.

विचारासाठीं प्रश्न

१. पत्नीचें पत्र कोरडें कां येत असे? तीन कारणें सांगा.
२. कैद्याच्या पत्रांविषयीं १९४९ च्या करारांत काय ठरलें?
३. आपल्या गांवांतून सैन्यांत किंवा दूर मजुरीस गेलेले कोण आहेत? त्यांच्या घरीं पत्र लिहूं शकणारी बाई आहे काय? नसल्यास ह्या आठवड्यांत कोण तिला पहिलें अक्षर शिकवील?