बाणाचं टोक बसवताना

फुलंब्रीत धनुर्विद्या शिकणाऱ्या मुलांचे बाण जोडून देण्याचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. धनुष्याबद्दल सगळेच बोलतात, टोकाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हे चार शब्द.

१. बाण म्हटला की धार आलीच, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. मैदानावरच्या बाणाचं टोक पहिल्यांदा हातात घेतलं, तर ते गोलसर, निमुळतं. पात्याचा पत्ताच नाही. रुंद पाती असतात ती शिकारीच्या बाणाला. अमेरिकेत धनुष्याने शिकार करायला परवानगी आहे आणि तिथले शिकारी टोक सरळ बसवण्यासाठी जिवाचं रान करतात. कारण पुढची पातीही मागच्या पिसांसारखी वारा धरतात. टोक केसभर वाकडं बसलं की बाण भलतीकडे ओढला जातो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली आणि त्याच कायद्याने धनुष्यबाणही शस्त्रांत मोजला. गौताळ्याचं अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. म्हणून आमच्या मुलांच्या भात्यात पातं कधीच येऊ नये, याबाबत मी फार कडक आहे. मात्र टोक सरळ बसवण्याची त्या अमेरिकी शिकाऱ्यांची शिस्त मी मनापासून घेतली.

२. एक बाण उत्तम असून भागत नाही, सगळे सारखे लागतात. हे कळायला मला वेळ लागला आणि कळल्यावर कामाची रीतच बदलली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाऊंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेती झाली. साताऱ्यातच सराव करणाऱ्या नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. म्हणजे पन्नास मीटरवरून पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात, आणि ते वर्तुळ अवघं ८ सेंटिमीटरचं! हात तर हवाच, पण बाणाबाणात फरक असेल तर असा हातही काय करणार? टोकाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात; एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. मी प्रत्येक टोक छोट्या डिजिटल काट्यावर ठेवतो आणि सारख्या वजनाची टोकं एका मुलाच्या संचात घालतो. बाणांवर आकडेही टाकायला लावतो. तोच आकडा पुन्हा पुन्हा डावीकडे जाऊ लागला, की मुलाला बोलण्याआधी बाण तपासायचा.

३. चिकटवणं हे घाईचं काम नाही. कार्बनचा शाफ्ट (बाणाची दांडी) कापला की आतल्या कडेला काळी बारीक भुकटी राहते. ती नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क लावायचा, पॉलिश पेपरने कड सपाट करायची, कापसाला स्पिरिट लावून आतून पुसायचं. कापूस पांढरा निघेपर्यंत. मग टोक पकडीत धरून ज्योतीवर तापवायचं आणि त्यावर हॉट मेल्टची, म्हणजे तापवल्यावर वितळणाऱ्या डिंकाची, कांडी फिरवायची. ती चकाकत वितळली की टोक हळूहळू फिरवत आत सरकवायचं. कडेला डिंकाची बारीक कडी बाहेर येते. ती दिसली म्हणजे सगळीकडे डिंक पोचला. तापवायचं ते टोक, शाफ्ट नाही. ज्योत कार्बनला लागली तर त्यातलं रेझिन जळतं आणि शाफ्ट आतून कमजोर होतो, वरून दिसतही नाही.

पालक विचारतात, सर, ॲराल्डाइटनेच पक्कं का नाही करत? तर, वाढत्या वयाच्या मुलाचा बाण कायमचा चिकटवू नये. वर्षभरात पोराचे हात लांबतात, ओढ वाढते, बाण आखूड पडतो. हॉट मेल्ट असेल तर टोक पुन्हा तापवून काढता येतं, वजन बदलता येतं, आणि माप जुळलं तर तेच टोक नव्या शाफ्टला चालतं. शेतकऱ्याच्या घरात हा पैसा मोठा असतो.

४. माझ्या डोळ्यांपेक्षा मुलांची बोटं खरी. बाण दोन नखांवर टेकवून फुंकर मारली की तो गरगर फिरतो. टोक वाकडं असेल तर नखाला थरथर कळते. मला जे टोक सरळ वाटतं, त्यातली थरथर आठवीतली मुलगी डोळे मिटून सांगते. आता शेवटची तपासणी मी मुलांकडेच दिली आहे.

५. बांबूच्या बाणाला ऋतू असतो. इंडियन राउंड या देशी प्रकारातली मुलं लाकडी धनुष्य वापरतात, बाणही बांबूचे. मे महिन्यात कुऱ्हाडीचा दांडा सुकून ढिला होतो, तसंच इथे टोक ढिलं होतं. पावसाळ्यात बांबू पुन्हा फुगतो. म्हणून उन्हाळा आणि पाऊस, दोन्हीच्या तोंडावर सगळी टोकं हलवून बघायची.

६. साधनांअभावी कुणी मागे राहतं, हे खरंच आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव शेतमजुराच्या घरातून टोकियो ऑलिम्पिकपर्यंत गेला, म्हणून ही अडचण संपत नाही. पण टोक नीट बसवायला महागडं यंत्र लागत नाही. पकड, ज्योत, स्पिरिट, काटा आणि निवांत वेळ एवढं असलं की जमतं.

पालकांना एक विनंती आहे. नव्या धनुष्याचा हट्ट पुरवण्याआधी मुलाचे बाण एकदा पलंगावर मांडा. प्रत्येक टोक फिरवून पाहा, शाफ्ट दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवा आणि कान द्या. टोकाजवळ चीर दिसली किंवा कटकट आवाज आला, तर तो बाण त्याच दिवशी मोडून टाका. तडकलेला कार्बनचा बाण सुटताना फुटतो आणि त्याच्या कुसळ्या धनुष्य धरलेल्या हातात शिरतात.