आठाचा आकडा आणि पुढचा रस्ता

वयाचीं अठरा वर्षें पुरीं होण्याची वाट आमच्या इंझोरीसारख्या गांवांतील मुलगे, आणि आतां मुलीही, मोठ्या उत्कंठेनें पाहत असतात. तिचें कारण बहुधा मताचा हक्क हें नसून मोटारसायकलीचा परवाना हें असतें. यांत नवल कांहीं नाहीं. मानोऱ्यास कामासाठीं जाणें, कारंज्याच्या बाजारांतून सामान आणणें, शेतांत डबा पोंचविणें, आजीला दवाखान्यांत नेणें, या सर्वांस घरची फटफटीच उपयोगी पडते. तेव्हां या वाहनाच्या परीक्षेची तयारी कशी करावी, याचा विचार प्रस्तुत पाठांत करूं.

प्रथम नियम पाहूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें गिअरची मोटारसायकल चालविण्यास १८ वर्षें पूर्ण असावीं लागतात. आरंभीं शिकाऊ परवाना काढावा लागतो. त्यासाठीं रस्त्यावरील चिन्हें, वाहतुकीचे नियम व चालकाचीं कर्तव्यें यांवर प्रश्न विचारतात व शेंकडा ६० तरी उत्तरें बरोबर यावीं लागतात. हा परवाना ६ महिने चालतो. परंतु तो मिळाल्यापासून ३० दिवस लोटल्यावांचून पक्क्या परवान्याची चांचणी देतां येत नाहीं. आपल्या जिल्ह्याचें परिवहन कार्यालय वाशिम येथें असून गाडीच्या पाटीवरील 'एमएच ३७' ही त्याचीच खूण होय. चांचणींत अपयश आल्यास ७ दिवसांनीं पुन्हां बसतां येतें; तीनदां अपयश आल्यास मात्र ६० दिवस थांबावें लागतें.

हे ३० दिवस कशासाठीं? पुष्कळ मुलें ते केवळ मोजीत घालवितात. पण पेरणी आणि सोंगणी यांच्यामधील दिवस रिकामे नसतात, हें शेतकऱ्याच्या मुलांस आम्हीं सांगावयास नको. निंदण-डवरण केलें नाहीं तर पीक हातीं लागत नाहीं. तसेंच हें आहे. खरें शिक्षण या दिवसांतच व्हावयाचें असतें; चांचणी ही केवळ त्याची सोंगणी होय.

चांचणीच्या मैदानांत उमेदवारास सामान्यतः आठाच्या आकड्याची वाट पाय न टेकतां पार करावयास सांगतात. हा आठ आपला मराठी नव्हे, तर एकमेकांस जोडलेल्या दोन वर्तुळांचा इंग्रजी आठ होय. भरधांव गाडी सरळ नेणें फारसें कठीण नाहीं, कारण वेगच तिला उभी ठेवण्यास साह्य करितो. गाडी सांवकाश वळविणें हें कठीण. त्यासाठीं गाडी पहिल्या गिअरमध्यें ठेवावी, उजव्या हाताची मूठ एकसारखी धरावी, क्लच अर्धवट दाबून गति आवरावी आणि लागेल तेवढा मागचा ब्रेक हलकेच लावावा. हँडल वळलेलें असतां पुढचा ब्रेक दाबूं नये. गाडी तत्काळ कलंडते. नजर पुढच्या चाकावर न ठेवतां जेथें जावयाचें तेथें ठेवावी. नजर जिकडे, तिकडे गाडी. मोकळ्या पटांगणांत चुन्यानें दोन वर्तुळें आंखून, परवानाधारक वडील माणूस जवळ असतां, हा अभ्यास रोज अर्धा तास करावा. गाडीच्या पुढें व मागें पांढऱ्या पाटीवर तांबडें 'एल' अक्षर असावें आणि शिकविणाऱ्याखेरीज कोणासही मागें बसवूं नये.

दुसरा पाठ थांबण्याचा. ब्रेक लावतांच गाडीचा भार पुढें झुकतो व पुढचें चाक जमीन अधिक घट्ट धरितें. म्हणून थांबविण्याचें मुख्य काम पुढच्या ब्रेकचें. केवळ मागचा ब्रेक लावणारा उशिरां थांबतो, आणि पुढचा एकदम आवळणारा पडतो. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, पण क्रमाक्रमानें दाबावे. येथें थोडें गणित उपयोगी पडेल. धोका पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत सुमारें एक सेकंद जातो. तेवढ्यांत ताशीं ३० किलोमीटर वेगाची गाडी ८ मीटर, तर ६० वेगाची जवळजवळ १७ मीटर पुढें जाते. त्यापुढें ब्रेकनें थांबण्याचें अंतर वेग दुप्पट झाला असतां चौपट होतें. एकूण हिशेब केला, तर कोरड्या रस्त्यावर पहिली गाडी सुमारें १४ मीटरांत थांबते, व दुसरीस सुमारें ४० मीटर लागतात.

आतां मैदानांत न मिळणारा पाठ. पहिल्या पावसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतांतील काळी माती डांबरावर येते आणि रस्ता साबणासारखा निसरडा होतो. हंगामांत रस्त्याच्या कडेस सोयाबीन वाळत घातलेलें असतें. त्या दाण्यांवर चाक ठरत नाहीं. रात्रीं बैलगाडीस किंवा ट्रॉलीस मागें दिवा नसतो. तिन्हीसांजेस पिकांतून रोही व रानडुकरें एकाएकीं आडवीं येतात. कारंज्याकडील सोहोळ अभयारण्याच्या बाजूस काळविटांचे कळपही आहेत. रामनवमीस पोहरादेवीच्या वाटेवर यात्रेकरूंची दाटी होते. या सर्वांवर उपाय एकच: जेवढा रस्ता स्पष्ट दिसतो, तेवढ्यांत थांबतां येईल इतकाच वेग ठेवावा.

शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, आरशावर लटकविण्यासाठीं नाहीं. चालविणाऱ्यानें व मागें बसणाऱ्यानेंही, चार वर्षांवरील मुलासुद्धां, तें घातलें पाहिजे असा कायदा आहे. पट्टा न बांधलेलें हेल्मेट पडतांना डोक्याआधीं निघून जातें. २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांत शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होतीं, आणि सुमारें ५० हजारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतें.

शेवटीं पालकांस दोन शब्द. मागें एकदां आमच्या समोरच एक नववींतील मुलगा वडिलांची गाडी घेऊन, मागें दोन मित्र बसवून निघाला. पाय धड जमिनीस लागत नव्हते. वळणावर शेळी आडवी आली, त्यानें पुढचा ब्रेक आवळला, आणि तिघेही रस्त्यावर आले. सुदैवानें खरचटण्यावरच निभावलें. वडील धांवत आले, मुलास उठवून उभें केलें आणि मग स्वतःच कडेस खालीं बसले. "चाबी तं म्याच देल्ली होती," एवढेंच ते म्हणाले. मुलास कोणी रागें भरलें नाहीं.

कायदाही आतां हेंच विचारतो. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा गाडीच्या मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊं शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. पण त्या बापास खालीं बसविलें तें कलमानें नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षक तुमचा आठ एकदांच पाहील; रस्ता मात्र रोज परीक्षा घेईल. पक्का परवाना हातीं आला, कीं पहिल्या दिवशीं वडिलांस किंवा आईस मागें बसवून, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट घालून, सांवकाश गांवाबाहेर एक फेरी मारून आणा. परत आल्यावर त्यांनीं आपण होऊन चाबी तुमच्या हातीं ठेविली, तर परीक्षा उतरलों असें खुशाल समजा.