खोकला येतो, तरी पळू द्या

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस आहे. पळाला की खोकतो, म्हणून खेळ बंद केलाय. बरोबर ना?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, खेळ बंद नका करू. पळताना छातीतला चिकट कफ सुटतो, म्हणून तो खोकतो. थांबून, आरशावर वाफ धरतो तसा तोंड उघडून ‘हाऽऽ’ असा जोरात श्वास सोडायला शिकवा, मग कफ थुंकू द्या. गोल्फ क्लब मैदानावर खुशाल पळू दे. मात्र फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम रोज हवेतच, तेही जेवणाआधी. त्याचा पापा खारट लागतो ना? या आजारात घामातून मीठ फार जातं. उन्हाळ्यात मीठ घातलेलं लिंबूपाणी द्या. मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारा. कफात रक्त दिसलं किंवा धाप थांबेना, तर लगेच दाखवा.