उघडलेले इंजिन बंद करताना



आमच्या घराच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली एक स्कूटर उभी आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. काहींनी तिचे नट रॉकेलने पुसलेही आहेत. गेल्या तीन वर्षांत "सर, गाडी झाली का?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला, की त्याचे उत्तर एकदाच सविस्तर लिहून टाकावे असे वाटले. या लेखात दहावीचे विज्ञान आहे, थोडे गणित आहे आणि माझी एक चूकही आहे. ती यथावकाश येईल.

गाडी माझ्या वडिलांची. बजाज चेतक, नोंदणी १९७४ ची. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. बाबांनी मात्र ती जुनी विकत घेतली, म्हणून ती आमच्या घरी लवकर आली. चेतकचे मूळ इटलीत आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर पियाजिओ कंपनीने १९४६ मध्ये व्हेस्पा ही स्कूटर काढली. तिची रचना करणारे कोरादिनो दास्कानिओ हे विमानाचे अभियंते होते. आपल्याकडे बजाज कंपनी पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवीत असे. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्याची चेतक आली. नाव अर्थात महाराणा प्रतापांच्या घोड्याचे. २००९ मध्ये कंपनीने स्कूटर बनवणेच थांबवले, आणि २०२० पासून त्याच नावाची विजेवर चालणारी गाडी विक्रीला आली.

विमानाच्या अभियंत्याने केलेली गाडी म्हणून तिच्यात एक विशेष आहे. मोटारसायकलला नळ्यांचा सांगाडा असतो, या स्कूटरला तो नाही. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. पाय ठेवायची जागा गंजली तर ती नुसती दिसायला वाईट होत नाही, गाडीचा कणाच कमजोर होतो. आमच्या गाडीच्या त्या पत्र्यातून जमीन दिसत होती.

गंज या शब्दावरून आठवले. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी, पण शास्त्राचे शब्द हिंदीतले, त्यामुळे मराठी शब्द मला आजही आठवून वापरावे लागतात. मिस्त्री म्हणाला, "जंग लग गया है." मी घरात येऊन सांगितले, "गाडीला जंग लागला आहे." पत्नी म्हणाली, "जंग नव्हे, गंज." त्यावर आमच्या धाकट्या पुतणीने विचारले, "गंज तर भात शिजवायचा असतो ना?" आपल्या वैनगंगेच्या काठी तेही खरेच आहे.

२०२२ च्या उन्हाळी सुटीत काम सुरू केले. महिनाभरात संपेल असा माझा अंदाज होता. खोलायला दोन दिवस लागले. जोडायला तीन वर्षे!

पहिला अडथळा नटांचा. लोखंड गंजते तेव्हा तयार होणारा पदार्थ मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांमध्ये तेवढी मोकळी जागा नसते, म्हणून नट आणि बोल्ट एकमेकांत घट्ट अडकतात. मग जोर लावला की बोल्ट फिरत नाही, तुटतो. माझे पहिल्याच आठवड्यात दोन तुटले. नंतर मिस्त्रीने युक्ती शिकवली. इंजिनाचे आवरण ॲल्युमिनियमचे आणि त्यातला बोल्ट पोलादाचा. तापवल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून आवरण तापवले की बोल्टभोवतीची पकड सैल होते. प्रसरणाचा हा धडा मी वर्गात वीस वर्षे शिकवला होता. हातात पाना असताना तो मला आठवला नाही.

आता इंजिन. चेतकच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५७ मिलिमीटर. वृत्तचितीचे घनफळ काढायचे सूत्र तुम्हाला येते. त्रिज्या २.८५ सेंमी, उंची ५.७ सेंमी. पायची किंमत ३.१४ घेऊन करा, १४५.४ घन सेंमी येईल. कागदपत्रांत लिहिलेली इंजिनाची क्षमता हीच. आमचा सिलिंडर आतून झिजला होता, म्हणून तो खराद मशीनवर अर्धा मिलिमीटर वाढवून घ्यावा लागला आणि मोठा पिस्टन बसवावा लागला. व्यास ५७.५ झाला तर घनफळ किती वाढले, हे वहीत करून पाहा.

हे इंजिन टू-स्ट्रोक आहे. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या डोक्यावरचे पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाते, आणि त्याच वेळी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये, पोकळी होऊन नवे मिश्रण ओढले जाते. ठिणगी पडते, स्फोट होतो, पिस्टन खाली येतो. खाली येताना तो क्रँककेसमधले नवे मिश्रण दाबतो आणि ते बाजूच्या वाटेने वर सिलिंडरमध्ये जाते. जळलेला वायू सायलेन्सरमधून बाहेर पडतो. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक होतो. खालून पेट्रोलच जात असल्यामुळे तिथे वेगळे तेल साठवता येत नाही, म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे. प्रमाण २ टक्के, म्हणजे १ लिटरला २० मिलिलिटर. ते तेलही जळते, धूर होतो, आणि प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर अशा गाड्या मागे पडल्या त्याचे हे एक मोठे कारण.

पण यात एक बारकी गोष्ट दडलेली आहे. क्रँककेस आधी मिश्रण ओढतो आणि मग दाबतो, म्हणजे तो पूर्ण हवाबंद हवा. क्रँकचा दांडा तर दोन्ही बाजूंनी बाहेर येतो, एका बाजूला मॅग्नेट, दुसऱ्या बाजूला क्लच. दांडा फिरलाही पाहिजे आणि हवा जाताही कामा नये, यासाठी तिथे रबराची एक गोल चकती असते. तिला ऑइल सील म्हणतात. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू. माझी तीन वर्षांतली जवळजवळ दोन वर्षे तिने खाल्ली.

२०२३ च्या दिवाळीत इंजिन जोडून झाले. किक मारली, सुरू झाले. बाबा पडवीत खुर्चीवर बसले होते. वय त्र्याऐंशी, एका कानाने कमी ऐकू येते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग इंजिनाची रेस आपोआप वाढू लागली, मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. मी घाईने बंद केले. बाबा काही बोलले नाहीत. काठी घेऊन आत गेले.

कार्बोरेटर तीनदा साफ केला. जेट बदलला. गोंदियाहून नवा आणला, नंतर नागपूरहून आणखी एक. प्लग बदलला. प्रत्येक वेळी तेच. तोपर्यंत माझा एक पक्का समज झाला होता. इंजिन खोलताना दहावीच्या दोन मुलांनी सगळे स्क्रू एकाच डब्यात टाकले होते. वास्तविक प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळे ठेवायचे असतात, त्यासाठी अंड्यांचा रिकामा ट्रे फार उपयोगी पडतो. मला वाटले, त्या गोंधळात एखादे वायसर किंवा पॅकिंग चुकीच्या जागी गेले. मी त्यांना बोललो. जरा जास्तच बोललो. त्यानंतर ती मुले पडवीत आली नाहीत.

पुढे सव्वा वर्ष गाडी ताडपत्रीखाली राहिली. हे कबूल करताना संकोच वाटतो. ज्याने अशी कामे केली आहेत त्याला हा टप्पा माहीत असेल. सुरुवातीला उत्साह असतो, प्रत्येक नट सुटला की काही तरी मिळवल्यासारखे वाटते. शेवटी उरतात ती नकोशी कामे, वायरिंग, केबल, रबरे, आणि एक न सापडणारा दोष. बाबा आधी रोज संध्याकाळी विचारत, "झाली का?" नंतर त्यांनी विचारणे सोडले. ते न विचारणे मला जास्त बोचले.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, परीक्षांच्या आधी, सहज म्हणून गिअर बॉक्सचे तेल पाहिले. ते बरेच कमी झाले होते. बाहेर मात्र कुठे थेंब नव्हता. आता विचार करा, तेल बाहेर सांडले नाही, तर गेले कुठे? पांढरा धूर आठवा. ते इंजिन पीत होते. गिअर बॉक्स आणि क्रँककेस यांच्यामध्ये असते काय? क्लचकडचे ऑइल सील. तिथून तेल ओढले जात होते आणि हवाही, म्हणून मिश्रण पातळ होऊन रेस वाढत होती. दोन लक्षणांचे मूळ एकच. हे मला दिवाळीतच सुचायला हवे होते, पण मी दोषापेक्षा दोषी शोधत होतो.

क्लचकडचे सील बदलायचे तर इंजिन पुन्हा अख्खे उघडावे लागते. उघडले. सील नवे होते, फाटलेले नव्हते. उलटे बसवले होते. ज्या बाजूला बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू क्रँककेसकडे हवी, म्हणजे आतला दाब रबराची कड दांड्यावर घट्ट बसवतो. इथे ती गिअर बॉक्सकडे होती.

ते सील मी स्वतः बसवले होते. मुले त्या दिवशी शाळेच्या सहलीला गेली होती.

त्या दोघांपैकी एक आता आय.टी.आय.मध्ये आहे, दुसरा नागपूरला. दोघांना फोन केला. पहिला म्हणाला, "सर, असं होतंच." दुसरा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "सर, मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं." मी म्हणालो, वाटणारच. पुढे दोघेही एका रविवारी आले आणि इंजिन आम्ही तिघांनी मिळून बंद केले. सील कोणत्या बाजूने बसवायचे ते त्यांनीच पाहिले.

गाडी सुरू झाली. धूर आहे, पण टू-स्ट्रोकचा नेहमीचा, निळसर. रेस सोडली की हेडलाइट मंद होतो, वाढवली की उजळतो. मॅग्नेट जितका जोरात फिरेल तितकी वीज जास्त. फॅरडे यांनी १८३१ मध्ये जे दाखवले ते आमच्या पडवीत अजून दिसते. बाबांनी खुर्चीवरूनच ऐकले, चांगला कान इंजिनाकडे करून. "टॅपिंगसारखा आवाज येतो आहे," म्हणाले. मी सांगितले, या इंजिनाला टॅपेट नसतातच. त्यांनी हाताने मला गप्प केले आणि आणखी थोडा वेळ ऐकत बसले.

रस्त्यावर ती अजून आलेली नाही. नोंदणीची मुदत केव्हाच संपली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, क्रमांकात व्ही.ए. ही अक्षरे येतात. पण नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच चालते. आमची गाडी त्यात बसते की नाही हे कागद पाहून ठरेल. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषून घेते आणि जुन्या रबरांना मानवत नाही. म्हणून टाकीत पेट्रोल साठवून ठेवत नाही. रविवारी अर्धा लिटर घालतो, तेवढ्यात दहा मिलिलिटर तेल.

स्पीडोमीटर अजून बंद आहे. त्याच्या केबलचे टोक आतल्या दाताला नीट बसत नाही, बहुधा दुसऱ्या मॉडेलची केबल आहे. येत्या सुटीत ते काम काढणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी घरी विचारून यावे, आणि येताना अंड्यांचा एक ट्रे आणावा.